सिंगापूर–पिनांग–फुकेत क्रूझ : बंदरावरच्या मोजक्या तासांत समुद्रस्नान, स्नॉर्केलिंग आणि शहरदर्शन कसे बसवावे?

गंगापूररोडवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. डिसेंबरअखेरीस आम्ही सहा जण, म्हणजे आई-वडील, आम्ही पती-पत्नी, नववीतील मुलगी आणि पाचवीतील मुलगा, सिंगापूरहून निघून मलेशियातील पिनांग व थायलंडमधील फुकेत करून पुन्हा सिंगापूरला येणाऱ्या क्रूझवर जात आहोत. आम्हांला मिळालेल्या कार्यक्रमपत्रिकेनुसार जहाज पिनांगला दुपारी १ ते रात्री ९ आणि फुकेतला सकाळी ८ ते सायंकाळी ५ थांबणार आहे. मुलांना स्नॉर्केलिंग (मास्क व नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत मासे व प्रवाळ पाहणे) करायचे आहे, पत्नीला जुने शहर पाहायचे आहे, आणि आई-वडिलांना देवदर्शन व निवांत फेरफटका पुरेसा आहे. आम्हां दोघांना आणि मुलांना तलावात पोहता येते, परंतु समुद्रात कोणीच पोहलेले नाही. मुलीला चष्मा आहे. आईचे गुडघे दुखतात. आम्ही सर्व शाकाहारी आहोत.

दोन्ही बंदरांवर स्नॉर्केलिंग शक्य आहे का, फुकेतहून फी फी बेटांवर जाऊन वेळेत परतता येईल का, आणि जहाजाकडूनच सहल घ्यावी की स्वतः बोट ठरवावी, याबद्दल ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. नाशिकच्या प्रवासी संस्थेकडे विचारले असता सर्व काही आरामात होईल असे उत्तर मिळाले, आणि त्यामुळेच थोडी शंका वाटते.

देवळालीकर

नमस्कार. आपली शंका रास्त आहे. क्रूझच्या पत्रिकेत छापलेले तास जहाजाचे असतात, प्रवाशाचे नसतात. तेव्हा प्रथम आपल्या हाती प्रत्यक्ष किती वेळ उरतो याचा हिशोब मांडावा, आणि तो शेवटाकडून उलटा मांडावा.

फुकेतचेच पाहू. जहाज ५ वाजता सुटणार असेल तर सर्व प्रवाशांनी साधारण अर्धा ते एक तास आधी जहाजावर असणे बंधनकारक असते. आपण ४ धरू. डिसेंबरमध्ये समुद्र शांत असल्याने मोठी जहाजे बहुधा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. परतीच्या वेळी या बोटींसाठी रांग लागते, म्हणून ३ वाजता पातोंगच्या किनाऱ्यावर परत यायचे असे ठरवावे. सकाळचेही तसेच आहे. ८ वाजता नांगर पडला तरी कागदपत्रांची तपासणी होऊन पहिली बोट सुटेपर्यंत पाऊण-एक तास सहज जातो, आणि ज्यांनी जहाजाची सहल घेतली आहे त्यांना आधी उतरवले जाते. स्वतंत्रपणे जाणाऱ्या कुटुंबाने किनाऱ्यावर पाय ठेवेपर्यंत साडेनऊ-दहा झालेले असतात. म्हणजे पत्रिकेतील नऊ तासांपैकी आपल्या वाट्याला पाचच येतात.

या पाच तासांत फी फीचा नाद धरू नये. वेगवान बोटीलाही एका बाजूला पाऊण ते एक तास लागतो, शिवाय पातोंगहून बोटीच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता वेगळा. फी फीला जाणाऱ्या बहुतेक सामुदायिक सहली दिवसभराच्या असतात आणि दुपारी उशिरा परततात. ज्या माया उपसागरासाठी लोक तिकडे जातात, तो २०१८ साली पर्यटकांच्या भाराने खंगलेल्या प्रवाळासाठी बंद करण्यात आला होता आणि २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडला. परंतु आता तेथे पोहण्यास मनाई आहे, फार तर उथळ पाण्यात पाय बुडवून उभे राहता येते. धावपळ करून तेथे पोहोचायचे आणि मुलांना पाण्याबाहेरच ठेवायचे, हे मला योग्य वाटत नाही.

त्याऐवजी को हे बेटावर जावे. पर्यटक त्याला कोरल आयलंड म्हणतात. पातोंगहून चलोंगच्या धक्क्यापर्यंत गाडीने अर्धा-पाऊण तास आणि तेथून वेगवान बोटीने वीस मिनिटांच्या आत बेट, असा हा रस्ता आहे. वरच्या हिशोबाने आपण अकराच्या सुमारास बेटावर पोहोचाल आणि पावणेदोनला निघाल, म्हणजे सुमारे अडीच तास मिळतील. त्यांतील प्रत्यक्ष पाण्यात घालवायचा वेळ तास-दीड तासाचाच असतो, आणि प्रथमच समुद्रात उतरणाऱ्या मुलांना तेवढा पुरतो. राचा याई बेटाचे पाणी याहून स्वच्छ आहे. मात्र ते दूर असल्याने हाती उरणारा वेळ बराच घटतो.

एक आग्रहाची सूचना. सामुदायिक बोटीतील जागा घेऊ नयेत, पूर्ण बोट ठरवावी. चलोंग आणि रवाई या दोन्ही ठिकाणी अशा बोटी मिळतात. चौघांसाठी खर्च थोडा अधिक येतो, पण परतीची वेळ आपल्या हाती राहते, आणि क्रूझच्या प्रवाशाला तीच सर्वांत मोलाची असते. हे जमणार नसेल तर जहाजाचीच सहल घ्यावी. ती महाग असते आणि गर्दीत फिरावे लागते. परंतु त्या सहलीला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबते, स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबेलच असे नाही. जहाज चुकल्यास पुढच्या बंदरापर्यंत किंवा सिंगापूरपर्यंत स्वखर्चाने जावे लागते.

घड्याळाबद्दलही सावध असावे. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. अनेक जहाजे संपूर्ण प्रवासात सिंगापूरचीच वेळ पाळतात, पण आपला मोबाइल किनाऱ्याजवळ येताच आपोआप थाई वेळ दाखवू लागतो. मोबाइलवर ३ वाजलेले दिसत असतील तेव्हा जहाजावर ४ वाजलेले असतात. म्हणून साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे आणि बोटवाल्याशी बोलताना त्याची वेळ कोणती व आपली कोणती हे कागदावर लिहून दाखवावे.

पंचवटीकर

वरील हिशोबाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मी पिनांगबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही ते शहर पाहिले आहे.

पिनांगला स्नॉर्केलिंगचा विचार सोडून द्यावा. तेथील सामुद्रधुनीचे पाणी गढूळ असते आणि जेलीफिशही आढळतात. बातू फेरिंगीचा किनारा प्रसिद्ध आहे खरा, पण तो शहरापासून दूर असून दुपारच्या वाहतुकीत जाण्या-येण्यातच वेळ निघून जातो. समुद्र फुकेतसाठी राखून ठेवावा आणि पिनांगचा सारा वेळ जॉर्जटाऊन या तेथील जुन्या शहराला द्यावा. आपल्या पत्नींना जे पाहायचे आहे ते येथेच आहे.

मोठी सोय अशी की जहाज स्वेटनहॅम धक्क्याला थेट लागते आणि धक्क्याबाहेर पडताच जुने शहर सुरू होते. मलाक्का आणि जॉर्जटाऊन या दोन्ही शहरांना युनेस्कोने २००८ साली एकत्रितपणे जागतिक वारशाचा दर्जा दिला. खू कोंगसी हे चिनी कुलगृह अवश्य पाहावे. त्याच्या छपरावरील कोरीव आणि रंगीत काम पाहताना मान दुखेपर्यंत वर बघत राहावेसे वाटते. ते सायंकाळी लवकर बंद होते, त्यामुळे उतरल्यावर प्रथम तिकडे जावे. त्यानंतर च्यू जेटी, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खांबांवर वसलेली वस्ती. तेथे आजही कुटुंबे राहतात, तेव्हा घरांत डोकावून छायाचित्रे काढू नयेत, एवढे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

देवदर्शनासाठी क्वीन स्ट्रीटवरील श्री महामारिअम्मन मंदिर आहे. ते १८३३ सालचे असून लिटल इंडिया या भारतीय वस्तीतच आहे. दक्षिणेकडील देवळांप्रमाणे दुपारी ते बंद असते, म्हणून पाच-साडेपाचनंतर जावे. त्याच गल्ल्यांत केळीच्या पानावर वाढणारी तमिळ शाकाहारी भोजनालये आहेत. भात, सांबार, पोरियल, रसम आणि ताक असे साधे जेवण मिळाल्यावर सासूबाईंना फार समाधान वाटले होते. जहाजावरून उघडे खाद्यपदार्थ किनाऱ्यावर नेण्यास बहुधा परवानगी नसते, त्यामुळे घरून आणलेल्या दशम्या बरोबर घेता येतील असे गृहीत धरू नये.

पिनांग हिलची १९२३ साली सुरू झालेली रज्जुरेल्वे पाहण्यासारखी आहे. पण डिसेंबरअखेरीस तेथे सुट्ट्यांची गर्दी असते आणि रांगेतच दीड-दोन तास जाऊ शकतात. टेकडी आणि जुने शहर यांपैकी एकच निवडायचे झाल्यास मी निःसंकोचपणे शहर निवडीन. केक लोक सी मंदिर भव्य आहे, परंतु पायऱ्या पुष्कळ आहेत आणि आपल्या आईंच्या गुडघ्यांना त्या झेपणार नाहीत. त्याऐवजी लिटल इंडियाच्या आसपास तीन चाकांच्या सायकलरिक्षातून त्यांना फेरी घडवावी. भाडे आधी ठरवून घ्यावे.

अशोकस्तंभ

मी स्नॉर्केलिंगच्या तयारीपुरतेच लिहितो. आपल्याकडे तलावात उत्तम पोहणारी माणसेही समुद्रात मास्क लावताच गोंधळतात, कारण नाक बंद करून केवळ तोंडाने श्वास घेण्याची सवय नसते. ही सवय नाशिकमध्येच लावून घ्यावी. त्र्यंबक रस्त्यावरील सावरकर जलतरण तलावावर प्रशिक्षकांना विचारून, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, मास्क आणि नळी लावून चेहरा पाण्यात ठेवण्याचा सराव करावा. हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरकावे. डिसेंबरात आपल्याकडचे पाणी इतके गार होते की मुले पाच मिनिटांत बाहेर येतात.

मास्क निवडण्याची पद्धत सोपी आहे. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलकेच श्वास आत घ्यावा आणि हात सोडावा. मास्क पडला नाही तर तो आपल्या चेहऱ्याला बसतो. केसांची एक बट जरी रबराखाली अडकली तरी पाणी झिरपते, म्हणून मुलीचे केस घट्ट बांधून कपाळावरून पूर्ण मागे घ्यावेत. आपल्याला मिशी असल्यास वरच्या ओठाजवळ थोडे व्हॅसलीन लावावे. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा एक थेंब बोटाने पसरवून लगेच विसळून टाकावा.

चष्म्यावर मास्क बसत नाही, कारण काड्यांमुळे फट राहते. उणे क्रमांकाच्या तयार भिंगांचे मास्क मुंबईत किंवा ऑनलाइन मिळतात. मुलीच्या क्रमांकाच्या जवळचा घेतला तरी मासे स्पष्ट दिसतात. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोयीचे वाटतात, परंतु श्वासाची हवा आत कोंडण्याचा धोका असल्याने मुलांसाठी मी ते घेणार नाही.

समुद्रात चौघांनीही लाइफ जॅकेट घालावे. पोहता येते म्हणून ते काढून ठेवू नये, कारण प्रवाह तलावात नसतो. दोघादोघांची जोडी करून, मोठ्याने लहानाला हाताच्या अंतरावर ठेवावे. प्रवाळावर उभे राहू नये. तो दगडासारखा दिसत असला तरी जिवंत असतो, आणि त्याच्या फटींत काळे, लांब काट्यांचे समुद्री अर्चिन दडलेले असतात. सागरी राष्ट्रीय उद्यानांत थायलंडने २०२१ पासून प्रवाळाला घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. कोरल आयलंडला जातानाही तसे मलम टाळावे आणि पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालावेत. पालथे तरंगताना सर्वांत जास्त पाठच भाजते.

दिनदर्शिकेत तिथीही पाहून ठेवावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो, प्रवाह वाढतो आणि पाणी गढूळते. तुमचा फुकेतचा दिवस त्या सुमारास येत असेल तर ओहोटीची वेळ आधी बोटवाल्याला विचारावी.

गंगापूररोडवासी

आपणां तिघांचे मनःपूर्वक आभार. इतक्या बारकाईने कोणी सांगितले नव्हते. आता असे ठरवतो : पिनांगला सर्वांनी मिळून जॉर्जटाऊन, आणि फुकेतला आम्ही चौघे कोरल आयलंडला. आई-वडिलांनी फुकेतला काय करावे, एवढाच प्रश्न उरतो. त्यांना जहाजावर एकटे ठेवणे मनाला पटत नाही.

देवळालीकर

आईंच्या बाबतीत पहिला प्रश्न छोट्या बोटीत उतरण्याचा आहे. जहाज आणि बोट दोन्ही हलत असतात, आणि कर्मचारी हात धरत असले तरी पाऊल नेमक्या क्षणी टाकावे लागते. जहाजावर चढताच स्वागतकक्षात विचारून घ्यावे की फुकेतला जहाज पातोंगला नांगरणार आहे की आव माखामच्या धक्क्याला लागणार आहे. धक्क्याला लागणार असेल तर शिडीवरून सरळ उतरता येते. मग आई-वडिलांना जवळच पानवा भूशिरावरील मत्स्यालय दाखवता येईल, म्हणजे नातवंडे जे मासे पाण्यात पाहतील तेच त्यांना काचेतून पाहता येतील. त्यांच्यासाठी चालकासह वेगळी गाडी ठरवावी आणि चालकाला जहाजाच्या वेळेनुसार परतीची वेळ लिहून द्यावी.

पातोंगला नांगरणार असेल आणि त्या दिवशी लाटा असतील, तर त्यांनी जहाजावरच राहणे उत्तम. सर्व प्रवासी किनाऱ्यावर गेल्यावर जहाज अगदी शांत असते, आणि ज्येष्ठांना तो दिवस आवडतो असा आमच्या घरचा अनुभव आहे. समुद्र शांत असेल तर तेही बोटीने येऊन पातोंगच्या किनाऱ्यावर छत्रीखाली तास-दोन तास बसू शकतील.

वेगवान बोटीत पुढच्या टोकाला बसू नये, तेथे आदळे फार बसतात. मळमळीची गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. प्रत्येकाने स्वतंत्रपणे जहाजाचे कार्ड, पासपोर्टची छायाप्रत आणि दैनिक पत्रकावर छापलेला बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा, मुलांनीसुद्धा. सिंगापूरला आपण दोनदा प्रवेश करणार आहात, तेव्हा व्हिसा अनेकवेळच्या प्रवेशाचा आहे ना, हे आजच तपासावे. मलेशिया आणि थायलंडचे प्रवेशाचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, त्यामुळे त्या दोन्ही देशांची अधिकृत संकेतस्थळे निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहून घ्यावीत आणि आगमनाचे ऑनलाइन अर्ज सहाही जणांचे वेगवेगळे भरावेत.