प्रोरा बघून आलो आणि एक प्रश्न पडला

किनारेवाला: बर्लिनहून र्‍यूगन बेटावर गेलो होतो. तिथे प्रोराला नाझींनी कामगारांच्या सुट्टीसाठी बांधायला घेतलेली साडेचार किलोमीटर लांब इमारत आहे. तासभर चाललो तरी भिंत संपेना. वीस हजार खाटा, प्रत्येक खोलीचं तोंड समुद्राकडे. आठवड्याला वीस मार्क (तिकडचं चलन) घेणार होते म्हणे. युनियन मोडणारी माणसं कामगारांना समुद्र कशाला दाखवतील?

रात्रपाळी: मी तेवीस वर्षं युनियनच्या पावत्या फाडल्यात, म्हणून पैशाचं सांगतो. १ मे १९३३ ला हिटलरने पगारी सुट्टी दिली, मिरवणुका काढल्या. २ मेला युनियनच्या कचेऱ्यांवर धाडी घातल्या, पुढाऱ्यांना आत टाकलं आणि तिजोऱ्या ताब्यात घेतल्या. मग युनियनच्या जागी नाझी पुढारी रॉबर्ट लायची 'श्रमिक आघाडी' उभी राहिली. तिची वर्गणी पगारातूनच कापायचे. संप बंद, पगार ठरवणार सरकारी अधिकारी. १९३५ पासून प्रत्येकाचं 'कामाचं पुस्तक' निघालं आणि ते मालकाकडे ठेवायचं. पुस्तक हातात नसेल तर दुसरीकडे नोकरी कुठून मिळणार?

तुमची प्रोरा याच आघाडीच्या 'आनंदातून शक्ती' या सुट्ट्या-सहलींच्या खात्याची. म्हणजे समुद्र दाखवला तो त्यांच्याच पैशाने. आणि दाखवला तरी कुठे? १९३९ ला युद्ध लागलं, काम थांबलं, एकही पाहुणा तिथे राहिला नाही. बोटींच्या सफरी मात्र झाल्या. त्यांत साधे कामगार कमीच असत, आणि कोण काय बोलतो ते टिपायला गुप्त पोलिसांची माणसं सोबत.

हिशेबनीस: याच खात्याच्या गाडीचं राहिलं की, दादा! तीच पुढे फोक्सवॅगन झाली. आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट कार्डावर चिकटवायचं, गाडीची किंमत ९९०. म्हणजे जवळजवळ चार वर्षं. व्याज नाही, मध्येच सोडलं तर पैसे बुडाले. सुमारे ३,३६,००० लोकांनी कार्डं काढली, गाडी एकालाही मिळाली नाही. कारखान्यातून लष्करी गाड्या निघाल्या. खातेदार पुढे कोर्टात गेले. १९६१ ला तडजोड झाली, ती नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्क सूट, नाहीतर १०० रोख.

किनारेवाला: आपल्या भिशीवाल्यांनाही लाजवलं की! प्रोरात आता फ्लॅट विकतात. रात्रपाळीकाका, भाव तेवढा विचारू नका.

रात्रपाळी: नाही विचारत. वीस मार्कांत नक्कीच नसणार.