मदत हवी आहे: कुत्र्याच्या खाजेवर ग्रेन-फ्री खाद्य हा उपाय आहे का?

नमस्कार.

आमच्याकडे पाच वर्षांचा, फिक्या रंगाचा लॅब्रेडॉर आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो सतत कान खाजवतो आणि पुढच्या पंजांच्या बेचक्या चाटत बसतो. चाटून चाटून तिथले केस तांबूस झाले आहेत. डॉक्टरांचे औषध सुरू असेपर्यंत बरे असते, बंद केले की काही आठवड्यांत पुन्हा तेच. सकाळी त्याला बाजारचे ड्राय फूड देतो, ज्यात कोंबडी, मका आणि गहू आहे. संध्याकाळी ज्वारीची भाकरी कुस्करून तिच्यात दही किंवा चिकनचे पाणी घालतो.

आम्ही खाद्य घेतो त्या दुकानदाराचे म्हणणे असे, की कुत्रा मूळचा लांडग्याच्या कुळातला, त्याला धान्य पचतच नाही, आणि ही खाज गव्हाचीच आहे. त्यांनी सुचवलेले ग्रेन-फ्री खाद्य सध्याच्या खाद्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीचे आहे. खर्चाची तयारी आहे, पण पिशवीमागची यादी वाचल्यावर शंका आली: कोंबडीनंतर लगेच वाटाणा, हरभरा, मसूर आणि बटाटा. अशा खाद्याचा हृदयविकाराशी संबंध असल्याची चर्चा अमेरिकेत झाली होती, एवढे मला ठाऊक आहे; त्यातले आज काय ग्राह्य धरायचे, हे समजत नाही.

तेव्हा विचारायचे ते असे, की धान्यामुळे अशी खाज खरोखर सुटते का, आणि सुटत असेल तर ती धान्यामुळेच आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे? भाकरीही बंद करावी का? ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

दुकानदाराच्या पहिल्या विधानापासून सुरुवात करतो. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरे, पण माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षे जगताना त्याची पचनशक्ती बदलली. २०१३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेझ तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत दोन, तर कुत्र्यांत ४ ते ३० प्रती आढळल्या. नीट शिजवलेले धान्य बहुतेक कुत्र्यांना उत्तम पचते. कच्चे किंवा अर्धेकच्चे पचत नाही, ही गोष्ट वेगळी.

खाजेचे म्हणाल, तर अन्नाची ॲलर्जी हे तिचे एक कारण आहे, पण पहिले नव्हे. पिसवा, गोचिडी, कानातला बुरशीचा संसर्ग आणि धूळ-परागकण-बुरशी यांची ॲलर्जी ही कारणे आधी तपासावी लागतात, आणि लॅब्रेडॉरमध्ये हा शेवटचा प्रकार बऱ्यापैकी दिसतो. पावसाळ्यात सुरुवात झाली, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अन्नाच्या ॲलर्जीतही संशय बहुधा प्रथिनांवर जातो. कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली जो आढावा घेतला गेला, त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के असे प्रमाण आले. म्हणजे गहू निर्दोष नाही; पण तुमच्या कुत्र्याच्या ताटात दही आणि कोंबडी रोज असताना एकट्या गव्हावर ठपका ठेवणे हे घाईचे आहे. ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनामुळे, आतड्याचा विकार होणारे कुत्रे आहेत, आयरिश सेटर या जातीतला आनुवंशिक प्रकार त्यासाठी ओळखला जातो, पण तो अपवाद आहे.

आता हृदयाचा मुद्दा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जुलै २०१८ मध्ये डायलेटेड कार्डिओमायोपथी या विकाराविषयी इशारा दिला. या विकारात हृदयाचा कप्पा फुगतो, स्नायू पातळ पडतो आणि रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होते. डॉबरमन, ग्रेट डेन यांच्यात तो आनुवंशिक असतो. पण ज्यांच्यात एरवी तो फारसा आढळत नाही अशा कुत्र्यांच्या तक्रारीही येऊ लागल्या, म्हणून चौकशी झाली. एप्रिल २०१९ अखेरपर्यंत ५२४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. नोंदलेल्या खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ग्रेन-फ्री होती आणि ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. काही कुत्र्यांचे हृदय खाद्य बदलल्यावर सुधारले. तरीही कारण निश्चित झाले नाही: हृदयाच्या स्नायूला लागणाऱ्या टॉरिन या अमिनो आम्लाची कमतरता म्हणावी, तर आजारी कुत्र्यांपैकी अनेकांच्या रक्तात टॉरिन पुरेसे होते. डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने, हाती असलेल्या माहितीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असे सांगून नियमित माहिती देणे थांबवले. तेव्हा या खाद्याला विष म्हणणे चूक आणि पूर्ण निर्धोक म्हणणेही चूक. ज्याला धान्याचा त्रास असल्याचे सिद्ध झालेले नाही, त्याला ते देण्याचे कारण मला दिसत नाही.

आणखी एक गैरसमज. ग्रेन-फ्री म्हणजे पिष्टमय पदार्थ कमी, असे नसते. पिशवीवरील प्रथिने, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजे) यांचे टक्के मिळवून १०० मधून वजा करा. राखेचा आकडा छापलेला नसेल तर ८ धरा. प्रथिने २४, चरबी १२, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ असेल, तर उरलेले ४२ टक्के पिष्टमय आहे. दोन्ही पिशव्यांचा हिशेब करून पाहा; बटाटा-वाटाण्याच्या पिशवीतही आकडा फारसा खाली येत नाही असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ओळखायचे कसे, याचे उत्तर एकच आहे: किमान आठ आठवडे निवडक आहार. डॉक्टरांच्या सल्ल्याने, कुत्र्याने आजवर न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, किंवा प्रथिने तोडून बनवलेले औषधी खाद्य द्यायचे आणि बाकी सगळे बंद. खाज थांबली तर जुने पदार्थ एकेक करून परत द्यायचे. गहू दिल्यावर खाज उलटली तरच दोष गव्हाचा. रक्ताच्या किंवा लाळेच्या ॲलर्जी-चाचण्या अन्नाच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत, त्यांवर पैसे घालवू नका. थेट ग्रेन-फ्री खाद्यावर गेलात, तर गव्हाबरोबर मका आणि इतरही घटक बदलतील, कोंबडी मात्र तशीच राहील, आणि फरक पडला तरी कशामुळे पडला हे कळणार नाही.

धान्याविषयी मला काळजी वाटते ती साठवणीची. दमट हवेत मका, भुईमुगावर वाढणारी बुरशी अफलाटॉक्सिन तयार करते. ते यकृत निकामी करते आणि शिजवल्याने जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत अशाच दूषित खाद्याची पाकिटे परत मागवली गेली, आणि जानेवारीपर्यंत ११० हून अधिक कुत्री दगावल्याच्या नोंदी झाल्या होत्या. सुटे खाद्य घेऊ नका, पिशवीतून डब्यात ओतण्याऐवजी पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात लहान पाकीट घ्या. कुबट वास आला तर सरळ टाकून द्या.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलून निवडक आहार सुरू करतो, तोवर ग्रेन-फ्री पिशवी घेत नाही. एक शंका राहिली: त्याला दर महिन्याला गोचिडीसाठी मांसाच्या चवीची चघळायची गोळी देतो. ती या काळात चालेल का? आणि संध्याकाळच्या भाकरीचे काय करावे?

प्रतिसाद:

चवीची गोळी चालणार नाही, तीत बहुधा मांसाचा अंश असतो. मानेवर सोडायचे थेंब मागून घ्या, पण गोचिडीचे औषध बंद करू नका. भाकरी ज्वारीची असली तरी तो ती रोज खात आला आहे, म्हणून आठ आठवडे तीही थांबवा. दही आणि चिकनचे पाणी तर अर्थातच. पुढे परत देताना ज्वारी आणि दही एकाच दिवशी सुरू करू नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. घरातल्या इतरांनाही सांगून ठेवा, विशेषतः जेवताना ताटातला तुकडा खाली टाकण्याची सवय असलेल्यांना.