पीडी-१चा ब्रेक काढला तरी टी-पेशी पुन्हा का थकतात?

सांधेमोड:
मला आमवात आहे, मेथोट्रेक्झेट चालू आहे. मोठ्या भावाला मेलानोमा (त्वचेचा कर्करोग), त्याला पीडी-१ (रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींवरचं ब्रेकसारखं प्रथिन) रोखणारं औषध सलाइनमधून देतात. म्हणजे एकाच घरात त्याच्या टी-पेशींना उठवणं चाललंय आणि माझ्या टी-पेशींना गप्प बसवणं! त्यात औषध सुरू झाल्यावर दादाचीही बोटं सकाळी आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, या औषधाने असं होऊ शकतं. तेवढं समजलं.

वाचनात आलं की सतत लढून थकलेल्या टी-पेशींवर एपिजेनेटिक व्रण (डीएनएची अक्षरं न बदलता जनुकांच्या वापरात झालेला बदल) राहतो आणि ब्रेक काढला तरी तो जात नाही. डीएनए तोच आहे, मग अडतं कुठे? आणि असा थकवा माझ्या पेशींना आणता येईल का? मी कॉमर्सची आहे, जरा बेताने घ्या.

पिपेटबहाद्दर:
ताई, हे मोजणं माझं रोजचंच काम आहे, त्यामुळे लांबण लागणार.

डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो, एकेका गोळ्यावर साधारण १४७ अक्षरं. जिथे गुंडाळी सैल, तिथली जनुकं वापरता येतात. सैल जागा शोधायला आम्ही अटॅक-सीक करतो. पेशींचं आवरण हलक्या हाताने फोडायचं, केंद्रकं शाबूत ठेवायची, टीएन५ नावाचं विकर घालायचं आणि ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायचं. विकर उघड्या जागी कापतं. नंतर तुकडे लांबीनुसार लावले की शिडी दिसते, एका गोळ्याची पायरी, दोन गोळ्यांची, तीन गोळ्यांची. शिडीऐवजी नुसता फराटा दिसला, तर दिवस वाया गेला म्हणायचं आणि डबा उघडायचा.

२०१६ साली ‘सायन्स’मध्ये याच तंत्राचे दोन शोधनिबंध एकत्र आले. जुनाट विषाणुसंसर्ग असलेल्या उंदरांत पीडी-१च्या जनुकाच्या सुमारे २३ हजार अक्षरं अलीकडे एक तुकडा सापडला. थकलेल्या पेशींत तो उघडा, लढाऊ पेशींत बंद. तो कापून टाकल्यावर पीडी-१ कमी बनलं. तुमच्या दादाचं औषध पेशीच्या पृष्ठभागावरचं पीडी-१ झाकतं. आत ते बनवत राहायची सोय तशीच राहते. उंदरांच्या पेशी औषधाने जोमाने वाढल्या खऱ्या, पण उघडझाप जवळपास जुनीच राहिली, आणि विषाणू शिल्लक असल्याने त्या पुन्हा मरगळल्या.

मग औषध लागू पडतं कसं? थकलेल्यांतच टीसीएफ-१ हे प्रथिन असलेली एक राखीव फळी असते. नवी कुमक बरीचशी तिथून येते.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. २०१५ साली ‘नेचर’मध्ये आलं होतं की ल्युपस (आमवातासारखाच, शरीर स्वतःवर उलटण्याचा आजार) आणि रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या ज्या रुग्णांच्या टी-पेशींत थकव्याची लक्षणं ठळक, त्यांचा आजार कमी वेळा उलटतो. कर्करोगात जो वैरी, तोच इथे सोयरा.

एका जनुकाचीही तीच गत. टेट२ हे जनुक डीएनएवरच्या मिथाइल खुणा (जनुकं सहसा बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) काढायला मदत करतं. अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला कार-टी पेशी (कर्करोग ओळखायला नवं जनुक घातलेल्या त्याच्याच टी-पेशी) दिल्या होत्या. त्यातल्या एका पेशीत जनुक वाहून नेणारा विषाणू नेमका टेट२मध्ये घुसला आणि ते बिघडलं. त्या एकाच पेशीची पिलावळ इतकी वाढली की ऐन भरात ९४ टक्के कार-टी पेशी तिच्याच होत्या. कर्करोग गेला! (२०१८ साली छापून आलं.) उलट, उतारवयात अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत टेट२ बिघडलं, तर त्यांच्यापासून बनलेल्या मॅक्रोफेज पेशी (जंतू गिळणाऱ्या पेशी) जास्त दाह करतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून ‘हे जनुक बंद करा’ असं कोणी सरसकट म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या पेशीत?

आकडेमोड:
वरच्या शेवटच्या प्रश्नाला +१. रक्तातल्या मिथाइल खुणांची तुलना करताना न्यूट्रोफिल किती आणि लिम्फोसाइट किती (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) हे आधी बघा. दाह असला, स्टेरॉइड चालू असलं की हे प्रमाण बदलतं, आणि प्रत्येक पेशीप्रकाराच्या खुणा वेगळ्या. एकाही पेशीत काही बदललेलं नसताना ‘फरक’ दिसतो. खुणांवरूनच पेशींचं प्रमाण काढायची पद्धत २०१२पासून आहे. ती न वापरलेला निबंध मी पुढे वाचत नाही.

सांधेमोड:
दोघांचे आभार. खुणा पुसणारी औषधं आहेत असंही वाचलं. ती आमवाताला का देत नाहीत?

पिपेटबहाद्दर:
अझासायटिडीन म्हणत असाल. अमेरिकेत ते २००४पासून अस्थिमज्जेच्या एका आजारावर मंजूर आहे. विभागणाऱ्या पेशींत ते जिथे तिथे खुणा पुसतं आणि रक्तपेशी घटवतं. आमवातासाठी हा सौदा महागात पडतो. तुम्हाला हवा तो नेम धरून केलेला बदल. उदाहरणार्थ फॉक्सपी३ हे जनुक. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींत त्याचा एक ठरावीक पट्टा खुणांविना असतो, म्हणून त्या टिकून राहतात. साध्या टी-पेशी चेतवल्या की थोडा वेळ फॉक्सपी३ बनवतात, पण त्यांचा पट्टा खुणांनी भरलेला. २०२५चं वैद्यकाचं नोबेल या नियामक पेशींच्याच शोधाला मिळालं. तेवढाच पट्टा मोकळा करायचे प्रयोग प्रयोगशाळेत चालू आहेत.

अवांतर: बोटं किती वेळ आखडलेली राहतात ते दादाला लिहून ठेवायला सांगा. कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवाच, शिवाय सांध्यांच्या डॉक्टरांनाही.

सांधेमोड:
सांगते. तो विचारतोय, टीसीएफ-१ त्याच्या गाठीत तपासून मिळेल का?

पिपेटबहाद्दर:
संशोधनात रंगवून बघतात. नेहमीच्या बायॉप्सी रिपोर्टात येत नाही.