जेलीफिन अपडेट केल्यानंतर मुखचित्रे गाण्यांच्या फोल्डरमध्ये साठवली जात नाहीत: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात एका जुन्या संगणकावर जेलीफिन हा मीडिया सर्व्हर बसवलेला असून, खानदेशातील लोकगीतांच्या जुन्या कॅसेटींचे डिजिटल रूपांतर त्यावर ठेवले आहे. कानबाईच्या रोटांची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, वहीगायनाचे कार्यक्रम, हळदीची गाणी असा हा ऐवज बहुतांशी अहिराणीत आहे. गावातील मंडळी तो वाचनालयातील टीव्हीवर किंवा आपापल्या मोबाईलवर ऐकतात.

प्रत्येक कॅसेटसाठी एक फोल्डर केलेला आहे आणि मुखचित्र म्हणून त्या कॅसेटच्या वेष्टनाचा स्कॅन किंवा गाणाऱ्या आजींचा फोटो लावलेला आहे. चित्रपटांची पोस्टरे हरवली तर सर्व्हर ती इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेतो, पण आमच्या चित्रांना तशी सोय नाही, कारण ती दुसरीकडे कुठेच नाहीत. एका वेष्टनावर निळ्या शाईने गावाचे नाव आणि गाणाऱ्या दोघी बहिणींची नावे लिहिलेली आहेत. शाई फुटलेली आहे आणि घडीवर कागद फाटलेला आहे. दुसऱ्या एका फोटोत चौरंगावर मांडलेली कानबाई आहे, नारळाला नथ घातलेली, आणि मागे गाणाऱ्या बायका बसलेल्या आहेत. मूळ कागद स्कॅन करून त्या त्या घरी परत दिलेले असल्यामुळे या फाइली नेमक्या कुठे आहेत, हे आम्हाला पक्के ठाऊक असणे गरजेचे आहे.

अलीकडे आम्ही डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १२ वरून १३ वर आणि जेलीफिन १०.१० वरून १०.११ वर आलो. या आवृत्तीत जेलीफिनने आपल्या माहितीसाठ्याची रचनाच बदललेली असल्यामुळे पहिल्यांदा सुरू होताना बराच वेळ लागला, परंतु ते काम विनाअडथळा पार पडले आणि जुनी सर्व मुखचित्रे जागच्या जागी दिसतात. अडचण नव्या चित्रांची आहे. पूर्वी ब्राउझरमधून अल्बमला चित्र चढवले की ते गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ‘फोल्डर.जेपीजी’ या नावाने येऊन बसत असे. आता चित्र पडद्यावर व्यवस्थित दिसते, पण गाण्यांच्या फोल्डरमध्ये त्याचा पत्ता नसतो. शोध घेतल्यावर ते ‘/व्हार/लिब/जेलीफिन/मेटाडेटा/लायब्ररी’ या ठिकाणी, दोन अक्षरी फोल्डरच्या आतल्या ३२ चिन्हांच्या नावाच्या फोल्डरमध्ये सापडले. लायब्ररीच्या सेटिंगमधील ‘सेव्ह आर्टवर्क इनटू मीडिया फोल्डर्स’ या पर्यायावर खूण केलेली आहे. गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर असून ती डिस्क एनटीएफएस (विंडोजच्या फाइल मांडणीच्या) पद्धतीची आहे, कारण कॅसेटींचे रूपांतर विंडोजच्या लॅपटॉपवर होते.

असे का होत असावे, आणि त्या ३२ चिन्हांवरून कोणते चित्र कोणत्या अल्बमचे हे कसे ओळखावे, हे कृपया कोणी सांगावे. शिवाय काही फोल्डरांच्या नावांत गावांची नावे निरनिराळ्या प्रकारे लिहिली गेली आहेत, ती एकसारखी करण्याचे काम आम्ही हाती घेणार आहोत. त्यामुळे या चित्रांना धक्का लागणार नाही ना?

प्रतिसाद:

दादा, सर्वांत आधी फोल्डरांची नावे बदलण्याचे काम थांबवा. जेलीफिन प्रत्येक गोष्टीचा ओळखक्रमांक तिच्या पूर्ण पत्त्यावरून बनवतो. फोल्डरचे नाव बदलले की फोल्डरांच्या पुढच्या तपासणीत जुना अल्बम गेला असे समजून तो नोंद पुसतो आणि त्या नोंदीचा आतला मेटाडेटा (माहिती आणि चित्रांचा) फोल्डरही चित्रासकट काढून टाकतो. गाण्यांशेजारी असलेली ‘फोल्डर.जेपीजी’ मात्र गाण्यांबरोबरच हलते, त्यामुळे तिला धोका नाही.

आता कारणाकडे येतो. चित्र जतन करताना जेलीफिन आधी गाण्यांच्या फोल्डरमध्ये लिहून पाहतो. तिथे लिहिण्याची परवानगी नाकारली गेली, तर तो तेच चित्र आपल्या आतल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि पडद्यावर चूक दाखवत नाही. नोंद फक्त लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीच्या फाइलमध्ये, होते. डेबियनवर हा सर्व्हर ‘जेलीफिन’ नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. एनटीएफएस डिस्कवर सहसा मालकी ‘चाऊन’ या मालकी बदलण्याच्या आज्ञेने बदलत नाही, ती डिस्क जोडताना दिलेल्या पर्यायांवरून ठरते. प्रणाली बदलल्यावर तुमची डिस्क वेगळ्या पर्यायांनी जोडली जात असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. तसे असल्यास ‘एफएसटॅब’ या डिस्क जोडण्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीत यूआयडी (मालक), जीआयडी (गट) आणि उमास्क (परवानग्या) असे द्या की जेलीफिनला लिहिता येईल. डिस्क जोडण्याचे ठिकाण मात्र होते तेच ठेवा, नाहीतर सगळेच पत्ते बदलतील.

चित्रे ओळखणे सोपे आहे. ब्राउझरमध्ये अल्बम उघडा. वरच्या पत्त्यात ‘आयडी’पुढे जी ३२ चिन्हे दिसतात तेच त्या फोल्डरचे नाव असते, आणि त्यातील पहिली दोन चिन्हे म्हणजे बाहेरचा फोल्डर. तिथली फाइल गाण्यांच्या फोल्डरमध्ये ‘फोल्डर.जेपीजी’ या नावाने कॉपी करा. कॅशमधली (तात्पुरत्या साठ्यातली) चित्रे उचलू नका, ती पडद्यासाठी लहान केलेली असतात.

धागाकर्ता:

आपले मनापासून आभार. आपण म्हणालात तशी परवानगी नाकारल्याची ओळ लॉगमध्ये चित्र चढवल्याच्याच वेळेला सापडली, आणि तिच्यातच पुढचा प्रयत्न आतल्या फोल्डरमध्ये करत असल्याचेही लिहिलेले आहे. ‘एफएसटॅब’मधील ओळ दुरुस्त करून डिस्क पुन्हा जोडल्यावर चाचणीसाठी चढवलेले चित्र गाण्यांशेजारी आले. ओळखक्रमांक पाहून आतली चित्रे एकेका अल्बममध्ये कॉपी करण्याचे काम सुरू केले आहे, आणि संपूर्ण मेटाडेटा फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली आहे. फोल्डरांची नावे शेवटचे चित्र जागेवर पोहोचल्याशिवाय बदलणार नाही.

याच डिस्कवर लग्नांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचे रूपांतरही ठेवायचे आहे. एकाच फोल्डरमध्ये अनेक व्हिडिओ असतील, तर प्रत्येकाचे चित्र व्हिडिओच्या नावाला ‘-पोस्टर’ जोडून शेजारी ठेवले तर चालते की प्रत्येकासाठी वेगळा फोल्डर करणे बरे, याविषयी ज्यांनी असा संग्रह सांभाळला आहे त्यांनी कृपया सांगावे.