‘बजेट खाणाऱ्या’ प्राण्याला मराठीत काय म्हणाल?

खडीसाखर: भाषांतरात गाडं अडलंय. १८७०च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन सेदाँ गावी शरण गेला, दोनच दिवसांत पॅरिसमध्ये प्रजासत्ताक आलं. मग फ्रेंच व्यंगचित्रकार पॉल आदोलने अख्ख्या दरबाराचं प्राणिसंग्रहालय चितारलं. सम्राट म्हणजे गिधाड, नखांत रक्तबंबाळ फ्रान्स. शीर्षकात म्हटलंय, वीस वर्षं फ्रान्स फस्त करणारे रवंथ करणारे, उभयचर, मांसाहारी आणि इतर ‘ब्युद्जेतिव्होर’. या शेवटच्याला काय म्हणू?

पंतोजी: अर्थसंकल्पभक्षी.

वऱ्हाडी ठेचा: पंतोजी, हसावं कुठं तेही सांगा. सरळ ‘खाबू’ म्हणा की!

खडीसाखर: खाबू फक्कड आहे, पण गंमत अशी की तो शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकातला वाटायला हवा. तृणभक्षी, कीटकभक्षी, त्याच रांगेत ‘तिजोरीभक्षी’?

बोरूबहाद्दर: ‘बजेट’चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, चामड्याची छोटी पिशवी. इंग्रजीत जाऊन परत आलेला शब्द. म्हणजे आपला बटवाच! बटवाभक्षी!!

वऱ्हाडी ठेचा: बटव्यात आजीची सुपारी असते राव, राज्याचा खजिना नाही. आणि गिधाडाला कशाला बदनाम करता? लहानपणी मेलेलं ढोर टाकायच्या जागेवर थवे उतरायचे, तासाभरात नुसता सांगाडा. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडंच संपवली.

खडीसाखर: साम्राज्याचं चिन्ह गरुड होतं, म्हणून गिधाड. आता दुसरी अडचण. सम्राज्ञी युजेनीला त्याने क्रौंच केलंय. फ्रेंच बोलीत त्या पक्ष्याचं नाव वेश्येलाही लावत. मराठीत क्रौंच म्हटलं की वाल्मीकी आठवतो, वाचकाला बाईची दयाच यायची. ‘करकोचा’ लिहिलं तर शिवी उडून जाते.

पंतोजी: त्याआधी मूळ दुरुस्त करा. हे व्यंगचित्र नव्हे, व्यंग्यचित्र. व्यंग म्हणजे शरीरातलं न्यून.

बोरूबहाद्दर: मराठीतले व्यंगचित्रकार पिढ्यान्‌पिढ्या ‘य’शिवाय जगलेत. आणि चेहऱ्याची ठेवण ओढूनताणून काढलेली असेल तर त्याला अर्कचित्र म्हणतात.

पंतोजी: धड गिधाडाचं, तोंड माणसाचं. यात अर्क कसला? रूपकचित्र म्हणा.

वऱ्हाडी ठेचा: नाकाचा अर्क! त्या बादशहाच्या मिशा पाहिल्यात का?

खडीसाखर: अहो, करकोचा…

पंतोजी: ‘बादशहा’ फारसी. सम्राट लिहा.