निर्माता म्हणजे फक्त पैसेवाला का? जेरेमी थॉमसच्या निमित्ताने

रात्रीचा_खेळ: कान महोत्सव, ऑस्कर म्हटलं की आपण दिग्दर्शकाचंच कौतुक करतो. पण ब्रिटिश निर्माता जेरेमी थॉमसची यादी बघा ना, ओशिमाचा 'मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स' (१९८३), बर्तोलुचीचा 'द लास्ट एम्परर' (१९८७), क्रोनेनबर्गचा 'क्रॅश' (१९९६). एक जपानी, एक इटालियन, एक कॅनेडियन आणि तिघांच्या मागे माणूस एकच. माझ्या मते हे सिनेमे जितके दिग्दर्शकांचे तितकेच त्याचे.

पडदावेडी: तितकेच? जरा जास्तच होतंय हां. 'क्रॅश'मधली ती थंडगार नजर क्रोनेनबर्गचीच आहे, थॉमस नसता तर दुसरा कोणीतरी भेटलाच असता.

जुना_प्रेक्षक: दुसरा कोण, सांगा तरी. थॉमसने निर्माण केलेला, निकोलस रोगने दिग्दर्शित केलेला १९८० चा 'बॅड टायमिंग' वितरण करणाऱ्या रँक कंपनीलाच इतका घाण वाटला की त्यांनी ब्रिटनमधल्या प्रिंटवरून स्वतःचा लोगो काढून टाकला. थॉमसचे वडील राल्फ आणि काका जेराल्ड दोघंही हिट विनोदी सिनेमांचे दिग्दर्शक, म्हणजे सोपी वाट घरातच होती, तरी हा पठ्ठ्या त्याच रोगबरोबर पुढे आणखी दोन सिनेमे करतो. याला नुसतं पैसे लावणं म्हणत नाहीत.

पडदावेडी: हिंमत आहे, मान्य. पण 'लास्ट एम्परर'चं काय? चीनचा शेवटचा बादशहा पुयी, आणि तो लहानपणी स्वतःच्या दाईशी इंग्रजीत बोलतो! हे कसलं आंतरराष्ट्रीय, हा तर सरळ मार्केटचा हिशोब झाला.

रात्रीचा_खेळ: अहो पण तो हिशोब नसता तर सिनेमाच नसता. स्टुडिओच्या भरवशावर न राहता देशोदेशीचे वितरणाचे हक्क आधीच विकायचे, बँकांकडून पैसा उभा करायचा, वर चिनी सरकारची परवानगी. तो पिवळा पडदा उडतो, तीन वर्षांचं पोरगं धावत बाहेर येतं आणि समोर चौकभर वाकलेली माणसं, ती खरी फॉरबिडन सिटी आहे, म्हणजे बीजिंगमधला बादशहांचा राजवाडा, सेट नाही. आणि सगळंच काही इंग्रजीत नाही केलं त्याने, जपानी दिग्दर्शक ताकाशी मिकेचा '१३ असॅसिन्स' (२०१०) जपानीतच आहे.

पडदावेडी: '१३ असॅसिन्स'ला जपानी चालली कारण तिथे एवढा मोठा पैसा अडकला नव्हता. म्हणजे पैसा वाढला की भाषा गेली, आणि तो निर्णय निर्मात्याच्या टेबलावर होतो. श्रेय अर्धं द्यायचं असेल तर हा दोषही अर्धा त्याच्याच नावावर लिहा.