३४ टक्के मतं, ४११ जागा: ब्रिटनमध्ये मत द्यायचं तरी कशाला?

शायरकर
पंधरा वर्षं इंग्लंडात आहे, पासपोर्ट अजून भारताचाच. तरी इथे खासदार निवडायला मत देता येतं, कारण राष्ट्रकुलातल्या देशांच्या रहिवासी नागरिकांना तो हक्क आहे. पुण्यातल्या मावशीला हे सांगितलं तर तिला वाटलं मी थापा मारतोय.

२०१५ पासून चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. आमच्या मतदारसंघात चारही वेळा एकच पक्ष आला आणि चारही वेळा मी दुसऱ्या कोणालातरी मत दिलं होतं. उमेदवार दारात आलेला एकदाही पाहिला नाही. येईल कशाला? ज्याचं येणं नक्की आहे त्याला गरज नाही, आणि बाकीचे जिथे चुरस आहे तिथे प्रचाराला गेलेले असतात.

४ जुलै २०२४, गुरुवार. ऑफिसातून परस्पर चर्चच्या हॉलमध्ये गेलो. रांग नाही, बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेली जाडी पेन्सिल, तिने फुली मारायची. बाहेर कोणाचं तरी कुत्रं बांधलेलं. दोन मिनिटांत बाहेर! दुसऱ्या दिवशी निकाल: लेबर ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष १४.३ टक्के, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट त्यांच्याहून कमी, १२.२ टक्के, पण जागा ७२. मतदान ६० टक्क्यांच्या आसपास, २००१ नंतरचं सर्वात कमी.

न येणाऱ्या ४० टक्क्यांना आळशी म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं त्यांनी हिशोब केलाय. मी पुढच्या वेळी जाईन की नाही, खरंच सांगता येत नाही.

उत्तर_लंडन
साफ असहमत. आम्ही हेंडनमध्ये राहतो. २०२४ ला इथला निकाल १५ मतांनी लागला. पंधरा! त्यात आमच्या घरातली तीन मतं होती. कोणाला दिली ते सांगणार नाही, पण थोरला रात्री साडेनऊला सोफ्यावर लोळत "जाऊ दे ना बाबा" म्हणत होता, त्याला चप्पल घालायलाही वेळ न देता ओढत नेला. दहाला केंद्र बंद होतं.

आणि 'नक्की' जागांचं म्हणाल तर रनकॉर्नची पोटनिवडणूक आठवा. लेबरने २०२४ ला १४ हजारांहून जास्त मतांनी जिंकलेली जागा, मे २०२५ मध्ये ६ मतांनी रिफॉर्मकडे गेली. आपले दादाभाई १८९२ साली मध्य फिन्सबरीतून पार्लमेंटात गेले तेही बोटांवर मोजता येतील इतक्याच मतांनी. तेव्हा तिथला एखादा मतदार 'काय फरक पडतो' म्हणून घरी बसला असता तर?

शायरकर
दादाभाई आले की चर्चा संपते असं काही नाही हो. लॉटरी लागलेल्या माणसाने 'तिकीट काढत जा' म्हणावं तसं झालं हे. हेंडनसारखे मतदारसंघ ६५० मध्ये किती? माजी पंतप्रधान लिझ ट्रस पडल्या त्या साउथ वेस्ट नॉरफकचं बघा. जिंकणाऱ्याला २६.७ टक्के मतं. म्हणजे चारातल्या जवळपास तिघांनी त्याला नको म्हटलं आणि तोच खासदार. मतांच्या प्रमाणात जागा देणारी, प्रमाणशीर पद्धत हवी.

लाकडी_उलथणं
मी एका पक्षासाठी पत्रकं वाटतो. (आयडीचं कारण: इथल्या दारांच्या टपालफटीला आतून ताठ ब्रश असतो आणि ब्रशमागे कधीकधी कुत्र्याचे दात. म्हणून पत्रक उलथण्याने आत ढकलायचं. पहिल्या आठवड्यात दोन बोटं सोलून घेतल्यावर शिकलो.)

आठ वर्षांत शेकडो दारं वाजवली. 'पद्धत बदला' असं मला दारात दोघांनी-तिघांनी सांगितलं असेल. बाकीचे म्हणतात, "यू आर ऑल द सेम." आपल्याकडे उडदामाजी काळे-गोरे म्हणतात तेच. एका आजींनी दार उघडलं, अंगात कोट, घरातच. हिवाळी इंधनभत्ता बंद झाल्याचं पत्र हातात. लेबरच्या जाहीरनाम्यात त्याचा उल्लेखही नव्हता, निवडून आल्यावर त्याच जुलैत घोषणा. पुढच्या जूनमध्ये बहुतेकांना परत दिला, पण त्या हिवाळ्याचं काय? मला म्हणाल्या, "तुम्ही बरे दिसता, पण आता येऊ नका."

त्याआधी २०१० साली लिबरल डेमोक्रॅट्सनी विद्यापीठाची फी वाढू देणार नाही म्हणून सह्या करून शपथा घेतल्या, सत्तेत भागीदार झाले आणि फीची मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. ती पोरं आज पस्तिशीत आहेत, विसरलेली नाहीत. तेव्हा शायरकर, रोग शब्द न पाळण्याचा आहे. मतमोजणीची पद्धत बदलून तो जात नाही. उलट प्रमाणशीर पद्धतीत येणाऱ्या आघाडी सरकारात 'आम्ही करणार होतो, भागीदाराने करू दिलं नाही' ही सबब आयती मिळते.

सदाशिव_पेठ_४११०३०
लांबून बोलतोय, माफी असावी. पण ही पद्धत आम्हीही तुमच्याकडूनच उचलली. २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतं, जागा २८२. बसपाला ४ टक्क्यांहून जास्त मतं, जागा शून्य. तरी आमच्याकडे ऐंशीच्या आजी व्हीलचेअरवर मतदानाला येतात. दोष पद्धतीचा असता तर इथेही लोक घरी बसले असते. आणि तुमच्याकडे नोटा नाही म्हणे? निदान रागाला तरी एक बटण हवं.

क्लाइडकाठी
@सदाशिव: बटण नाहीच, पेन्सिल आहे. :)

बाकी तुम्ही सगळे ब्रिटन म्हणता आणि इंग्लंडबद्दल बोलता. स्कॉटलंडच्या विधिमंडळाला १९९९ पासून दोन मतं असतात, एक स्थानिक उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला, म्हणजे जागांचा तोल बराच सांभाळला जातो. उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाला एका मतदारसंघातून अनेक जण, पसंतीक्रमाने. आभाळ कोसळलेलं नाही. लोकांना मत मोजलं जातं असं वाटलं की ते येतात. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताला इथे ८४.६ टक्के आले. आमच्या जिन्यावर ज्या शेजाऱ्याशी तोवर फक्त पावसाबद्दल बोललो होतो, तो तावातावाने तेलाच्या महसुलावर वाद घालत होता.

आता २०१५ चं वेस्टमिन्स्टर, म्हणजे लंडनची संसद बघा: एसएनपीला (स्कॉटिश नॅशनल पार्टी) साडेचौदा लाख मतं आणि ५६ खासदार, ब्रेक्झिटवाल्या यूकिप पक्षाला जवळपास ३९ लाख आणि १ खासदार. मी एसएनपीवालाच, तरी मला लाज वाटली.

उत्तर_लंडन
पद्धत बदलायची का, असं २०११ च्या सार्वमतात विचारलं होतं की लोकांना! ६८ टक्के 'नको' म्हणाले.

शायरकर
तेव्हा विचारलं ते एका जागेसाठी एकच खासदार ठेवून पसंतीक्रमाबद्दल, प्रमाणशीर पद्धतीबद्दल नाही. आणि आले ४२ टक्के. खुद्द लेबरच्या अधिवेशनाने २०२२ मध्ये प्रमाणशीर पद्धतीचा ठराव मंजूर केला. पण ज्या शिडीने गच्चीवर पोचले ती कोण मोडेल?

नवा_व्हिसावाला
मला एक कोणी सांगाल का? १४.३ टक्के म्हणजे प्रमाणात ९३ जागा. रिफॉर्मला. ज्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये आयएलआर (इथे कायमचं राहायची परवानगी) हा प्रकारच रद्द करू म्हणून जाहीर केलं त्यांना. तुमचं तत्त्व छान आहे, पण ते माझ्या डोक्यावर वरवंटा होऊन येतंय. ही वाकडी पद्धत आहे म्हणून ते ५ वर थांबले. मी २०२४ ला नाक दाबून मत दिलं. दगडापेक्षा वीट मऊ.

क्लाइडकाठी
ही भिंत तुम्हाला वाचवणार नाही. ३३.७ टक्क्यांत लेबरला ४११ मिळाल्या, तर तेवढ्यात फराजना का मिळणार नाहीत? प्रमाणशीर पद्धतीत त्यांना २२० च्या घरात जागा मिळतील आणि भागीदार शोधत फिरावं लागेल. आहे त्या पद्धतीत भागीदार लागणारच नाही.

लाकडी_उलथणं
बेल्जियमला एकदा भागीदार शोधायला ५४१ दिवस लागले होते, एवढंच नोंदवतो.

क्लाइडकाठी
आणि इथे २०२२ मध्ये एकपक्षीय बहुमतात एका वर्षात तीन पंतप्रधान झाले, हेही नोंदवा. स्थिरता म्हणे.

नवा_व्हिसावाला
२२० चा मुद्दा पटला. म्हणजे घाबरलो. पण माझं गणित वेगळंच आहे. मी २०२२ ला आलो, पाच वर्षांनी म्हणजे २०२७ ला आयएलआर मिळायचं. ज्यांना मी नाक दाबून मत दिलं त्याच सरकारने मे २०२५ मध्ये पाचाची दहा करायचा प्रस्ताव आणला. तो माझ्यावर लागू झाला तर २०३२. पुढची निवडणूक फार तर २०२९ ला. म्हणजे मला इथे कायमचं राहू द्यायचं की नाही हे ठरायच्या आधी हे लोक पुन्हा माझ्याकडे मत मागायला येणार, आणि मला ते देताही येणार.

उलथणंसाहेब, आमच्या दाराला ब्रश नाही. सरळ हाताने टाका पत्रक.